तळ्याचं जावळ

‘तळ्याच्या गं पोटामंदी काळा गाळ लोण्यावानी,
हिरव्या चांदण्या लावते, पानी झालं आभाळावानी…’

हा आवाज चैतालीच्या कानात फार जुना आहे. इतका जुना, की तो ऐकताना आपण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाच्या सावलीत बसलो होतो की आईच्या पाठीला फडक्यात बांधलेलो होतो, हे तिला सांगता येत नाही. आवाज आईचाच, गिरजाचा. पण पाण्यावरून आलेला, म्हणून जरा ओला, जरा पसरट. एक ओळ गिरजाची आणि मागून बाकीच्या बायांची. दर ओळीच्या शेवटी पाण्याखाली सगळ्यांचे पाय एकदम वळायचे आणि तळ्यावर बारीक बुडबुड्यांची रांग उठायची.

खांबडीच्या तलावात शिंगाडा असाच लावत. बाहेरच्याला वाटतं, रोप म्हणजे हातानं लावायचं. पण कमरेएवढ्या पाण्यात वाकलं तर नाकातोंडात पाणी जातं. वेलीचं मूळटोक पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायचं, पाय गाळात उतरवायचा, टोक तिथं सोडायचं आणि टाचेनं वरून गाळ सारून घ्यायचा. डोळ्यांना काही दिसत नाही. सगळी अक्कल अंगठ्याची. गाळ पातळ असला तर वेल सुटून वर तरंगते, फार घट्ट असला तर मूळ गुदमरतं. गिरजानं लावलेली वेल वर आलेली कुणी पाहिली नव्हती. म्हणून गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बायांत हंगामाची पहिली वेल तिची असायची. त्याला ‘पहिला अंगठा’ म्हणत. तो पडल्याशिवाय दुसरी कुणी पाण्यात उतरत नसे.

चैताली शाळेत होती तेव्हा तलाव हिरवा झाला. शेवाळाचा हिरवा नव्हे, डब्यातला रंग ओतावा तसा. वैशाखात पाण्याला वास सुटे, सकाळी मासे पोटं वर करून काठाला लागत, आणि शिंगाडा लावून आलेल्या बायांच्या पिंढऱ्यांना खाज सुटून रात्री झोप लागत नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या अंगाच्या धानाच्या बांध्यांतलं, म्हणजे शेतांतलं, खत आणि तालुक्याच्या गावाचा नाला. पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर नाला वळवला गेला, खतालाही शिस्त लागली. आता दोन-तीन पावसाळ्यांत तलाव निवळेल, असं सगळे म्हणाले. तलाव काही निवळला नाही. बाहेरून घाण येणं बंद झालं, तरी दर उन्हाळ्यात पाणी तसंच हिरवं. ‘आता कुठून येतं गं हे?’ असं गिरजानं एकदा भांडी घासता घासता विचारलं, आणि चैताली त्या एका प्रश्नामागे नागपूरपर्यंत शिकत गेली.

उत्तर पायाखालीच होतं.

फॉस्फरस नावाचं एक द्रव्य आहे. हाडांत असतं, बियांत असतं, खतात असतं. त्याच्याशिवाय काही उगवत नाही, आणि ते फार झालं की नको ते उगवतं. वर्षानुवर्षं जे वाहत आलं ते तलावाच्या गाळानं पोटात घेतलं होतं. गाळात लोखंडाचे बारीक कण असतात. तळाशी हवा खेळती असते तोवर हे गंजके कण फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतात. पण उथळ तलाव उन्हाळ्यात तापतो, तळाशी कुजणाऱ्या पानांना प्राणवायू पुरत नाही, आणि तो संपला की लोखंडाचं रूप बदलतं. त्याची मूठ सुटते. फॉस्फरस पाण्यात वर येतो, त्यावर हिरवं माजतं, ते मरून पुन्हा तळाशी बसतं, कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं, आणि लोखंडाची मूठ आणखी सैल होते. खोल सरोवरात हे खालच्या खाली राहतं. खांबडीसारख्या छातीभर पाण्यात तळ आणि वर यांच्यात अंतर ते किती? नुसत्या वाऱ्यानंही तळ ढवळून वर येतो. तलाव स्वतःचंच उष्टं खात होता.

गाळ उपसून टाकावा तर एवढा उपसायचा कुणी आणि टाकायचा कुठं. तेव्हा नागपूरच्या प्रयोगशाळेत डॉ. इंदूरकरांच्या हाताखाली चैतालीनं ज्यावर काम केलं, तो एक जीव होता. केसाहून बारीक. हजारो पेशी एकीला एक लागून झालेला एकच धागा. त्याचं खालचं टोक गाळातल्या कुजक्या अंधारात, वरचं टोक पाण्याला टेकलेलं. खालच्या सडक्या गंधकावर तो जगतो, पण श्वास वरून घेतो. आणि मधल्या अंगभर वीज वाहून नेतो, घरातली तार नेते तशी. असे धागे समुद्राच्या गाळात पूर्वीच सापडले होते. गोड्या आणि गरम पाण्यात टिकेल असं त्यांचं वाण या मंडळींनी वाढवलं. हे धागे तळात दाट पसरले की खालचं लोखंड वर सरकतं आणि गाळाच्या माथ्यावर गंजाचा तांबूस पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्यातून फॉस्फरसला उन्हाळ्यातही सहज बाहेर येता येत नाही. शिवाय वीज वाहते म्हणून काठावर बसून, तळात रोवलेल्या सळ्यांवरून, धागे जिवंत आहेत की नाहीत हे मोजता येतं.

चैतालीनं हे गावात समजावलं तेव्हा बाया ऐकत होत्या, पण तोंडं कोरडी. काचेच्या नळीतला गाळ तिनं उन्हात धरला आणि भिंगातून एकेकीला दाखवला. भागरता काकू, गिरजाची जन्माची जोडीदारीण, भिंगाला डोळा लावून म्हणाली की अगं, हे तर लेकराच्या डोक्यावरचं जावळ. नाव तिथंच पडलं. पुढं सरकारी कागदावर त्या जिवाचं काहीही नाव असो, खांबडीत तो जावळच झाला.

आणि जावळाला कुणी हात लावायचा नसतो. अडचण नेमकी तीच होती. धागा तुटला की मेला. एक पाय गाळात पडला की हातभर जागेतलं जावळ संपलं. ते धरेपर्यंत तलावात ना म्हैस, ना ओढजाळं, ना माणसाचा पाय. म्हणजे शिंगाडा नाही. किती वर्षं, हे चैतालीलाही सांगता येईना.

ग्रामसभेत त्या दिवशी फार वादावादी झाली. प्रकल्पाकडून बायांना काठावरची कामं मिळणार होती, नर्सरी, पाखरांची नोंद, सळ्यांची देखभाल. पण पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यात उतरलो, ते काठावरून बघत राहायचं, हे कुणाच्या गळी उतरेना. भागरता तर म्हणाली की गिरजे, तुह्या पोरीनं आपल्याले पाण्याच्या भायेर काढलेल्या मासोळ्या केलं. सगळ्यांचे डोळे गिरजाकडे. तलाव सोडायचा म्हटलं तर सगळ्यात जास्त तिचंच जाणार होतं. गिरजा उठली. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मग म्हणाली, ‘करा बंद. मी नाही उतरत उद्यापासून.’ आणि बसली. पहिला अंगठाच नाही म्हणाला, मग बाकीच्या काय बोलणार?

चैतालीला त्या क्षणी आईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. लाजून तिनं ठेवलं नाही.

तलाव निवळला. पहिल्या उन्हाळ्यात वास गेला. नंतरच्या उन्हाळ्यात काठावरून तळ दिसू लागला, आणि म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन तळ बघायला येऊ लागली, जसं कुणी देवळाचा कळस बघायला यावं. थंडीत बदकं उतरली. दूरदूरच्या गावांचे लोक आपल्या तलावात जावळ सोडता येईल का विचारायला आले. चैतालीची पाळीवर एक पत्र्याची खोली झाली. तिथं पडद्यावर तळातल्या विजेची रेघ दिवसभर हलत असे.

पण ती रेघ बघताना तिला खिडकीतून आई दिसायची. गिरजा नर्सरीच्या बोडीपाशी, म्हणजे शेजारच्या छोट्या तळ्यापाशी, बसलेली. बियाण्यापुरते शिंगाड्याचे वेल तिनं तिथं हातानं जगवून ठेवले होते. ती कधीच तलावाकडे बघत नसे. चालतानाही मान खाली, नजर पावलांवर. पूर्वी पाळीवरून बोलत, हसत, मागं वळून कुणाला टोमणा मारत चालणारी बाई. चैतालीला वाटे, हे आपण केलं. एकदा तर आईची एक चप्पल वाटेत निसटून राहिली आणि ती तशीच, एक पाय अनवाणी, तापल्या मुरुमावरून घरापर्यंत आली. चैताली चप्पल घेऊन मागून धावली तेव्हा गिरजा म्हणाली की लक्षच नव्हतं. चैतालीनं मनात धरलं, आईचं लक्ष कुठंच राहिलेलं नाही. दुसऱ्या एका खेपेला टाचेला चुलीतल्या निखाऱ्याचा चांगला मोठा फोड. विचारलं तर, ‘असंच.’ शुगरच्या गोळ्या ती वेळेवर घ्यायची. त्याबद्दल कधी बोलावं लागलं नाही.

दोघींचं प्रेम तसं बोलकं नव्हतंच. गिरजा तिच्या डब्यात रोज काहीतरी जास्तीचं घाली आणि चैताली ते न बोलता संपवी. संध्याकाळी चैताली आईच्या पायाला खोबरेल चोळून देई. ‘दुखते का?’ विचारलं की गिरजा म्हणे, ‘नाही वो, काही दुखत नाही.’ ते खरंच होतं.

मग एका हिवाळ्यात भागरताच्या नवऱ्यानं गळाला लागलेला रोहू आणून पत्र्याच्या खोलीत टेबलावर ठेवला. म्हणाला, तुह्या चकचकीत पाण्यातली मासोळी बघ, नुसता कंगवा. मासा लांब होता, पण अंगावर मांस नव्हतं. चैतालीनं आधी हसण्यावारी नेलं. नंतर मोजमाप घेत बसली आणि हसू गेलं. जावळानं आपलं काम फारच नेटानं केलं होतं. फॉस्फरस असा घट्ट बांधला गेला होता की हिरवं माजणं थांबलं, पण माशांच्या पिल्लांना लागणारी बारीक हिरवळही उगवेना. तलाव स्वच्छ होता आणि उपाशी होता. आणि गाळातला जुना साठा संपलाही नव्हता. झाकलेल्या कोठीसारखा तसाच खाली होता. एखाद्या वर्षी जावळावर रोग आला तर सगळा एकदम वर येणार.

तिनं कितीतरी दिवस आकडे जुळवले. मग एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली. गाळ तुडवला की तिथलं जावळ तुटतं, पापुद्रा फुटतो आणि बांधलेलं द्रव्य सुटतं, हा आजवर तोटा होता. पण सुटलेलं उचलून घ्यायला तिथंच शिंगाड्याची वेल असेल तर? वेल ते आपल्या अंगात घेईल. फळं बाजारात जातील, आणि हंगाम संपल्यावर वेली ओढून काठावर आणल्या, बांध्यांत खत म्हणून टाकल्या, की तळातलं तेवढं ओझं तलावातून कायमचं बाहेर. थोडं माशांनाही मिळेल. दरवर्षी तलावाची एकच पट्टी तुडवायची, पुढच्या वर्षी दुसरी. मागच्या पट्टीवर शेजारचं जावळ आपोआप पसरेल. यंत्रानं हे होणार नव्हतं, यंत्रं तळ खरवडून काढतात. हवा होता हलका, बेताचा पाय.

डॉ. इंदूरकर बाईंना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की हे तलावासाठी करतेस की आईसाठी. चैताली म्हणाली, आकडे तलावाचे आहेत. बाईंनी आकडे पुन्हा तपासले, दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त करूनही हिशेब उभा राहिला तेव्हा परवानगी दिली.

चैतालीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा गिरजा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. भाकरी काठाला चिरली. चैतालीला वाटलं होतं, आई हसेल, निदान भागरताला हाक मारायला धावेल. गिरजा म्हणाली, ‘कायले उघडते? तुहं जावळ तुटन ना.’ तुटू दे, एवढ्यानं काही होत नाही, उलट तुटायलाच पाहिजे, असं चैतालीनं पुन्हा पुन्हा समजावलं. गिरजा ऐकत होती आणि तव्यावरची भाकरी करपत होती. चैतालीच्या मनात आलं, अजूनही ही माझ्याच कामाचं बघते. तिनं ठरवलं, आता काही झालं तरी पहिला अंगठा आईचाच पडेल.

लावणीच्या सकाळी आभाळ गच्च होतं, पण पाऊस नव्हता. बाया नटून आल्या होत्या. कुणी नव्या बांगड्या भरलेल्या, कुणी लुगड्याचा काचा, म्हणजे कासोटा, आईनं शिकवला तसा घातलेला. काही पोरींना काचा येतच नव्हता, त्यांना बाकीच्या हसत हसत शिकवत होत्या. गिरजानं बोडीतून काढलेल्या वेलींच्या जुड्या सुरेख बांधल्या होत्या, एकही मूळ दुमडलेलं नाही. चैतालीनं झेंड्या रोवून पट्टी आखली होती आणि तीही काचा मारून तयार होती.

गिरजा तयार होईना. आधी म्हणाली नारळ राहिला. नारळ फुटला. मग म्हणाली जुड्यांवर पाणी शिंपा. शिंपून झालं. मग तिला आठवलं की घरी कोंबड्या झाकायच्या राहिल्या. भागरता कंबरेवर हात ठेवून म्हणाली की नवरीसारखे नखरे पुरे, तुह्या कोंबड्यांले कोणी पळवून नेत नाही, या वयात तर तुलेही कोणी नेत नाही. सगळ्या खिदळल्या. गिरजाही हसली, पण ते हसू ओठांच्या पुढं गेलं नाही.

शेवटी ती उतरली. चैताली तिच्या डाव्या बाजूला, जुडी हातात घेऊन. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला आलं. गिरजा फार सावकाश चालत होती, एखादं पाऊल टाकून थांबायची, पुन्हा टाकायची. किती दिवसांनी उतरली, चैतालीला वाटलं, पाण्याशी बोलत असेल. ठरल्या जागी पोचल्यावर तिनं वेल घेतली. पाय वर उचलून मूळटोक हातानंच अंगठ्यात अडकवलं. हे चैतालीनं पाहिलं. पूर्वी टोक नुसतं पाण्यात सोडलं की आईचा अंगठा ते चालता चालता उचलायचा. पाय खाली गेला. वळला. टाच सरकली.



वेल हळूच वर आली आणि पाण्यावर आडवी झाली.

कुणी तरी हसू दाबलं. भागरता ओरडून म्हणाली की गाळच विसरला तुले, दे पुन्हा. गिरजानं दुसरी घेतली. तीही वर आली. तिसरीच्या वेळी चैतालीनं पाण्यात नजर लावली. पाणी आता इतकं नितळ होतं की गाळ उठेपर्यंत क्षणभर सगळं स्पष्ट दिसलं. वेलीचं टोक अंगठ्यातून केव्हाच निसटलं होतं आणि शेजारी पडलं होतं. आईचा पाय मात्र रिकामाच, मन लावून, गाळात खोल खोल रुतत होता. टाचेनं खड्डा बुजवत होता. तिथं काहीच नव्हतं.

चैतालीच्या डोळ्यांसमोरून एकेक गेलं. मुरुमावरचा अनवाणी पाय. टाचेचा फोड. पावलांवरून न हलणारी मान. खोबरेल चोळताना म्हटलेलं ते ‘काही दुखत नाही.’ तिनं हातातली जुडी पाण्यावर सोडून दिली आणि आईचा दंड धरला. ‘माय,’ एवढंच म्हणाली.

गिरजानं काठाकडे पाहिलं नाही. तरंगणाऱ्या वेलींकडे पाहत, भागरताला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात ती बोलू लागली.

‘मले गाळ लागतच नाही वो, चैतू. शुगरनं पाय गेले माहे. तलाव हिरवा होता तवापासूनच. बाया पुढं जायच्या न् मी मागून सुटून वर आलेल्या वेली गुपचूप काखेत घालायची. मंग तू आली, न् म्हणाली, कोणीच उतरायचं नाही. मले इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी. सगळ्यायले वाटलं गिरजानं पोरीसाठी तलाव सोडला. तुलेही वाटलं. मी वाटू देलं.’ ती थांबली. तिचा तोल किंचित गेला, तशी तिनं दुसऱ्या हातानं चैतालीचा खांदा घट्ट पकडला. ‘आता धरून ठेव मले. तळ कुठं हाये ते मले समजून नाही रायलं.’